समुद्रातल्या बोअरचा हिशोब

"सूनबाई, तेलाचा भाव पडून राह्यला म्हनते टीव्हीवर. आपल्या पोट्ट्याचं काम राह्यते का जाते मंग?"

शेजारचे काकाजी हा प्रश्न घेऊन आले तेव्हा मी ओसरीत बारावीच्या बुक-कीपिंगच्या वह्या तपासत बसले होते. त्यांचा धाकटा खोल समुद्रात तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या जहाजावर कामाला आहे. २८ दिवस जहाजावर, २८ दिवस घरी. आमचं गाव वरूड तालुक्यातलं. इथून ५०० किलोमीटरच्या आत कुठेच समुद्र नाही, आणि तो डोळ्यांनी पाहिलेली माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी. पण त्या एका पगारावर काकाजींच्या बगीच्यात ठिबक आलं, घरावर स्लॅब पडला. आता ट्रॅक्टरचं कर्ज काढायचं चाललं होतं, आणि बातम्यांत तेलाचा भाव दिसला की त्यांच्या पोटात गोळा यायचा.

त्याच आठवड्यात कॉलेजातल्या दोन पोरांनी वेगळ्या तोंडाने तोच प्रश्न विचारला. मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ पाहून त्यांना तेलसेवा कंपन्यांमध्ये पैसे लावायचे होते. "मॅडम, तेल वाढलं की हे शेअर वाढतातच ना?"

दोघांनाही मी एकच सांगितलं. तेलाचा भाव जरा बाजूला ठेवा. जहाज किती दिवस कामावर आहे, दिवसाला भाडं किती मिळतं आणि डोक्यावर कर्ज किती आहे, हे आधी पाहा. या धंद्याचं पुढे काय होणार ते या तीन गोष्टींत सापडतं. ते कसं, हे इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातल्या माणसाला हा धंदा समजायला अवघड नाही. तो आपण शेतात उभं राहून पाहिलेला आहे.

आमच्या भागात जमिनीतलं पाणी उपसून उपसून पार खाली गेलं. संत्र्याचा बगीचा जगवायला ८००–१००० फूट बोअर मारणं हे वरूड-मोर्शीकडे आता नवलाचं राहिलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही मारली. तमिळनाडूच्या नंबरची गाडी आली, मागे पाईप घेऊन दुसरी गाडी. तमिळनाडूतलं तिरुचेंगोडे हे गाव या बोअरच्या गाड्यांसाठी देशभर ओळखलं जातं. रात्री अकराला हॅमर सुरू झाला. २० फुटांचा एक पाईप खाली गेला की गाडीवरचा पोरगा पत्र्यावर खडूने एक रेघ ओढायचा. दगडाची पांढरी भुकटी उडून आजूबाजूची झाडं पिठात लोळल्यासारखी झाली. मामाजी दर दोन पाईपांनंतर मूठभर भुकटी हातात घ्यायचे, बोटांनी चोळून ओल लागते का पाहायचे आणि टाकून द्यायचे. पंचेचाळिसावी रेघ ओढली तेव्हा ९०० फूट झाले होते. भुकटी कोरडीच.

सकाळी एजंटने रेघा मोजल्या, केसिंगचे पैसे वेगळे धरले आणि पूर्ण रक्कम मोजून घेतली. त्यात त्याची काही चूक नव्हती. बोअरला पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे द्यावेच लागतात. पाण्याची जोखीम बगीचेवाल्याची. गाडीवाल्याने भोक पाडायचं, तेवढंच त्याचं काम. त्याचं नुकसान कोरड्या बोअरने होत नाही. ते होतं पावसाळ्यात, शेतात गाडी शिरत नाही आणि ती महिनाभर रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी राहते तेव्हा. मजुरांना खावटी द्यावीच लागते आणि गाडीचा हप्ता काही थांबत नाही.

खोल समुद्रातल्या तेलसेवा कंपनीचं अगदी असंच आहे. तेल तिचं नसतंच. ओएनजीसी, रिलायन्स, शेल, एक्झॉनमोबिल, ब्राझीलची पेट्रोब्रास या बगीचेवाल्या कंपन्या. समुद्राचा पट्टा त्यांच्याकडे, तेल लागलं तर फायदा त्यांचा आणि कोरडी गेली तर खड्डाही त्यांचाच. ट्रान्सओशन, व्हॅलारिस, नोबल, सीड्रिल या बोअरच्या गाडीवाल्या कंपन्या. फक्त त्यांच्या गाड्या जहाजाएवढ्या असतात आणि भाडं फुटावर नसून दिवसावर असतं. त्यांच्याभोवती आणखी गोतावळा आहे. एसएलबी (जुनं नाव श्लंबर्जर), हॅलिबर्टन, बेकर ह्यूज या विहिरीतलं सिमेंट, मोजमाप, रसायनं सांभाळतात. टेक्निपएफएमसी आणि सबसी ७ समुद्राच्या तळावरच्या व्हॉल्व्ह आणि पाईपलाईन टाकतात. ओशनीअरिंगचे रोबो माणूस पोहोचू शकत नाही तिथे जाऊन नटबोल्ट फिरवतात. टाइडवॉटरच्या बोटी सामान पोहोचवतात. सगळ्यांना मिळून "तेलसेवा" म्हणतात, पण सगळ्यांची कमाई एकाच वेळी होत नाही. खोदणाऱ्याला आधी पैसे मिळतात, तळावरची पाईपलाईन टाकणाऱ्याला विहिरी पक्क्या झाल्यावर. म्हणून "तेलसेवा चालणार की पडणार" हा प्रश्नच मुळात मोघम आहे. कुठली सेवा, हे आधी विचारावं लागतं.

खोल म्हणजे किती खोल, तेही डोळ्यासमोर असू द्या. आपल्या मुंबई हायमध्ये फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं, ते सागर सम्राट या रिगने, म्हणजे खोदाईच्या फलाटाने. तिथे पाणी सुमारे ७५ मीटर. एवढ्या पाण्यात रिगचे लोखंडी पाय तळावर टेकतात. पाणी दीडशे मीटरच्या पुढे गेलं की पाय टेकवायचा विषयच संपतो, तिथे तरंगतं जहाज लागतं. हल्लीची जहाजं २००० ते ३००० मीटर पाण्यावर उभी राहून खोदतात. नांगरसुद्धा टाकत नाहीत. पोटाखालचे पंखे संगणकाच्या हुकुमावर फिरत राहतात आणि लाटा-वारा काहीही असो, जहाज विहिरीच्या तोंडावरून हलू देत नाहीत. आमची ९०० फुटांची बोअर मीटरमध्ये पावणेतीनशे भरते. तिथे नुसतं पाणीच तिच्या दहापट, आणि खरी खोदाई त्या पाण्याच्या तळापासून सुरू होते.

काकाजींचा धाकटा सुट्टीवर आला की मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. तीन पाईप जोडून नव्वद फुटांची एक उभी कांडी, यंत्राच्या हाताने उचललेली. माझ्या डोळ्यासमोर त्या पत्र्यावरच्या खडूच्या रेघा आल्या. तो म्हणाला, "वहिनी, आपली बोअर हवेवर चालते, तिथली चिखलावर." आपल्याकडे कॉम्प्रेसरची हवा भुकटी वर फेकते. तिथे खास वजनदार चिखल पाईपमधून खाली सोडतात. तो दगडाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचं तेल-वायू दाबून धरतो. शिवाय समुद्राच्या तळावर, विहिरीच्या तोंडाशी, कित्येकशे टनांचा एक झडपांचा मनोरा बसवलेला असतो. त्याला बीओपी म्हणतात. खालून दाब उसळला तर त्याने विहिरीचं नरडं आवळायचं. हे सगळं सामान आणि दीड-दोनशे माणसं घेऊन उभं राहणारं जहाज गेल्या तेजीत दक्षिण कोरियाच्या गोद्यांमध्ये ६०-७० कोटी डॉलरला बांधून मिळायचं.

आता पैशाकडे येऊ. अशा जहाजाचं दिवसभाडं २०१३-१४ च्या तेजीत ६ लाख डॉलरच्या वर गेलं होतं. पुढच्या मंदीत ते २ लाखांच्या खाली आलं. २०२३-२४ मध्ये काही करार ५ लाखांच्या आसपास झाले आणि २०२५ मध्ये नवे करार ४ लाखांच्या आगेमागे होऊ लागले. ४ लाख डॉलर म्हणजे रोजचे साधारण साडेतीन कोटी रुपये. ऐकायला डोळे पांढरे होतात. पण जहाज चालवायचा खर्चही दिवसाला दीड ते दोन लाख डॉलर असतो: पगार, डिझेलवरच्या यंत्रांची देखभाल, हेलिकॉप्टर, विमा, सुटे भाग.

मी बोर्डावर एक हिशोब मांडून दाखवला, तोच इथे देते. आकडे समजायला धरलेले आहेत, कुठल्या एका कंपनीचे नाहीत. समजा एक जहाज वर्षात ३३० दिवस कामावर आहे आणि भाडं ४ लाख डॉलर. कमाई १३.२ कोटी डॉलर. खर्च मात्र ३६५ दिवसांचा, रोजचा १.७ लाख धरला तर ६.२ कोटी. उरले ७ कोटी. आता भाडं ४ वरून ३ लाखांवर आलं असं धरा. कमाई ९.९ कोटी, खर्च तेवढाच, उरले ३.७ कोटी. भाडं पाव हिश्श्याने उतरलं, शिल्लक जवळपास अर्धी झाली. त्यात ४० कोटींचं कर्ज ८ टक्क्यांनी असेल तर वर्षाचं व्याजच ३.२ कोटी. पहिल्या परिस्थितीत व्याज देऊन पावणेचार कोटी हातात राहतात. दुसरीत उरतात फक्त ५० लाख, त्यातून मुद्दल फेडणं दूरच. आणि दोन करारांच्या मध्ये आणखी ६० दिवस जहाज रिकामं बसलं, तर २७० दिवसांचे ८.१ कोटी येतात, खर्च वजा जाता १.९ उरतात आणि व्याज भरायलाही पैसे पुरत नाहीत.

सगळं मर्म या हिशोबात आहे. खर्च ठाम, व्याज ठाम, कमाई हलती. म्हणून भाडं थोडं वाढलं की या कंपन्यांचा नफा उसळतो आणि थोडं पडलं की जमीनदोस्त होतो. पोरांनी पाहिलेल्या व्हिडिओत उसळण्याचा भाग होता. दुसरा सांगितलाच नव्हता.

मग कंपनीचं पुढचं चित्र कुठे पाहायचं? या कंपन्या दर काही महिन्यांनी आपल्या ताफ्याचा तक्ता प्रसिद्ध करतात, त्याला फ्लीट स्टेटस रिपोर्ट म्हणतात. त्यात एकेका जहाजाचं नाव, ते कोणाकडे, कुठल्या देशात, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत आणि बहुतेक वेळा दिवसभाडंसुद्धा लिहिलेलं असतं. शेअर घेणाऱ्याने कंपनीच्या साहेबांचं भाषण ऐकण्याआधी हा तक्ता वाचावा, असं माझं ठाम मत आहे. जिथे करार संपला आणि पुढचा अजून लागला नाही, तिथे मोकळी जागा दिसते. तीच ती बाभळीखाली उभी असलेली गाडी. पाच जहाजांपैकी तिघांचे करार एकाच वर्षात संपत असतील आणि पुढे काही नसेल, तर आजचा नफा कितीही गोजिरा दिसला तरी पुढचं वर्ष कठीण आहे.

हातातल्या करारांच्या एकूण रकमेला या धंद्यात बॅकलॉग म्हणतात. विदर्भातल्या माणसाला हा शब्द ऐकला की चांगलं वाटायचं कारण नाही. विकासाचा अनुशेष, म्हणजे बॅकलॉगच, मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीपासून आपण सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष हेच ऐकत आलो. पोरांच्या मार्कशीटवर बॅकलॉग आला तरी घरात रडारड होते. इथे अर्थ उलटा आहे. बॅकलॉग म्हणजे आधीच ठरलेलं, पुढच्या काही वर्षांत मिळणारं काम. जितका मोठा तितकं बरं. तरी नुसत्या आकड्याला भुलू नये. तो आकडा किती वर्षांत पसरलेला आहे? समोरचा ग्राहक शेलसारखा भरभक्कम आहे की उधारीवर चालणारी छोटी कंपनी? आणि करार मध्येच मोडला तर भरपाई मिळते का? २०१५-१६ मध्ये तेल कंपन्यांनी कितीतरी करार मोडले किंवा भाडं कमी करून घेतलं. आपल्याकडेही बगीच्याचा सौदा फुलावर ठरतो आणि गारपीट झाली किंवा भाव पडला की व्यापारी तोडीच्या वेळी फिरकत नाही. बयाणा किती घेतला होता, ते तेव्हा महत्त्वाचं ठरतं.

जहाज रिकामं पडलं की कंपनीपुढे दोन वाटा. एक म्हणजे थोडी माणसं ठेवून यंत्रं गरम ठेवायची, म्हणजे काम मिळालं की लगेच निघता येतं. पण खर्च चालूच राहतो. दुसरी म्हणजे सगळं बंद करून जहाज एका कोपऱ्यात बांधून ठेवायचं. खर्च वाचतो, पण तीन-चार वर्षांनी ते पुन्हा उभं करायला कित्येक कोटी डॉलर लागतात. वर्षानुवर्षं बंद पडलेला मोटारपंप नुसता स्टार्टर दाबून चालू होत नाही, तसंच. त्यामुळे "आमच्याकडे अमुक इतकी जहाजं" या वाक्यातली बांधून ठेवलेली वजा करूनच हिशोब करावा. याशिवाय दर पाच वर्षांनी प्रत्येक जहाजाची मोठी तपासणी असते. तेव्हाही ते काही आठवडे कमाई करत नाही.

आता २०१४ ला काय झालं ते सांगते, कारण या धंद्याची आजची ठेवण त्या वेळी ठरली. तेल १०० डॉलरच्या वर, भाडं ६ लाखांवर, बँका कर्ज द्यायला तयार. जो तो नवं जहाज बांधायला टाकू लागला. आमच्या गावात एका घरी थ्रेशर आलं आणि सोयाबीनच्या हंगामात त्याने चांगली कमाई केली, तर पुढच्या वर्षी कर्जावर आणखी चार आले. सोयाबीन तेवढंच होतं. पोत्यामागचा दर पडला आणि पाचही घरांचे हप्ते थकले. समुद्रात तेच झालं, फक्त नवं जहाज बांधून हातात यायला दोन-तीन वर्षं लागतात. जहाजं तयार होऊन आली तेव्हा तेल कोसळलेलं होतं. जून २०१४ मध्ये ब्रेंट तेलाचं (जगात ज्याचा भाव प्रमाण धरतात ते) पिंप ११५ डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली गेलं. सावरता सावरता कोरोना आला. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत तेलाचा वायदा भाव चक्क शून्याखाली गेला. त्याच महिन्यात डायमंड ऑफशोअरने दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला, जुलैत नोबलने, ऑगस्टमध्ये व्हॅलारिसने. सीड्रिल तर २०१७ आणि २०२१ अशी दोनदा त्या दारातून गेली. कंपन्या मेल्या नाहीत. सावकार मालक झाले आणि जुन्या भागधारकांच्या हातात जवळपास काही उरलं नाही. नाव तेच, जहाजं तीच, म्हणून नवख्याला वाटतं की कंपनी वाचली. ज्यांनी आधी शेअर घेतले होते त्यांना विचारा.

२०२० च्या त्या उन्हाळ्यात काकाजींचा धाकटाही घरी आला. त्या वेळी तो ज्या जहाजावर होता त्याचा करार मोडला, आणि पुढचं दीड वर्ष त्याने वरूडच्या मंडीत संत्र्याचे क्रेट उचलले. काकाजींच्या पोटातला गोळा तेव्हापासूनचा आहे.

पण त्याच मंदीने आजची जमेची बाजू तयार केली. २०१४ नंतर शंभराहून जास्त तरंगत्या रिग भंगारात निघाल्या. नवी जहाजं जवळपास कोणी बांधायलाच टाकली नाहीत, कारण आजच्या किमतीत बांधून ४ लाखांच्या भाड्यावर पैसे वसूल होणं कठीण आहे. मोठ्यांनी लहानांना गिळलं: नोबलने २०२२ मध्ये मर्स्क ड्रिलिंग आणि २०२४ मध्ये डायमंड घेतली. गाड्या कमी, मालकही कमी. काम जरासं वाढलं तरी भाडं वर सरकतं, ते यामुळे.

काम कुठून येतं? तीन जुने पट्टे आहेत: अमेरिकेजवळचं मेक्सिकोचं आखात, ब्राझील आणि पश्चिम आफ्रिका. ब्राझीलच्या समुद्रात मिठाच्या जाड थराखाली २००६ मध्ये मोठा साठा सापडला आणि तेव्हापासून पेट्रोब्रास या धंद्याची सगळ्यांत मोठी गिऱ्हाईक आहे. तिने हात आखडला की जगभरच्या भाड्यावर परिणाम होतो. मग गयाना. दक्षिण अमेरिकेतला हा चिमुकला देश, लोकसंख्या अमरावती जिल्ह्याच्याही निम्म्याहून कमी. तिथे एक्झॉनमोबिलला मे २०१५ मध्ये तेल लागलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालं. साडेचार वर्षांत खोल समुद्रातून तेल काढणं ही या धंद्यात फार मोठी झेप आहे. उलट नामिबियात २०२२ पासून मोठमोठे शोध लागले, सगळ्यांनी आनंद केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये शेलने तिथल्या खर्चापैकी सुमारे ४० कोटी डॉलर बुडीत धरले. तेल आहे, पण काढायला परवडेल असं नाही. "शोध लागला" या बातमीवर कंपनीचं भविष्य रचू नये, ते अशामुळे.

आणि इथेच काकाजींच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अमेरिकेतल्या शेल नावाच्या खडकातली विहीर (शेल कंपनीशी या नावाचा संबंध नाही) काही आठवड्यांत तयार होते आणि पहिल्या वर्षातच तिचं उत्पादन झपाट्याने घसरतं. ते झालं सोयाबीन. भाव पडला तर पुढच्या हंगामात पेरा कमी करता येतो. खोल समुद्रातली विहीर म्हणजे संत्र्याचा बगीचा. लावायला मोठा पैसा, फळ पाच-सात वर्षांनी, मग वीस-पंचवीस वर्षं उत्पन्न. बगीचा लावणारा माणूस आजचा मंडीतला भाव पाहून रोपं उपटत नाही. तेल कंपनीही अशा प्रकल्पाचा निर्णय पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधून घेते. त्यामुळे आठ दिवस भाव पडला म्हणून जहाज परत पाठवत नाहीत, आणि आठ दिवस चढला म्हणून नवं मागवतही नाहीत. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर तेल १२० डॉलरच्या वर गेलं, पण जहाजांचं भाडं खऱ्या अर्थाने चढलं ते २०२३-२४ मध्ये. भाव वर्ष-दोन वर्षं खालीच राहिला, तर मात्र नवे निर्णय लांबतात आणि त्या तक्त्यातल्या मोकळ्या जागा वाढतात. बातमी आज येते, झळ दीड-दोन वर्षांनी लागते.

आपल्या देशाचं सांगायचं तर आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. खोल समुद्रातलं आपलं मोठं काम कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, आंध्रच्या किनाऱ्यापुढे चालतं. रिलायन्सच्या केजी-डी६ मधून २००९ मध्ये वायू सुरू झाला. पुढे तिथलंच आर क्लस्टर नावाचं वायूक्षेत्र २००० मीटरहून खोल पाण्यात डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं. ओएनजीसीच्या शेजारच्या पट्ट्यातून जानेवारी २०२४ मध्ये पहिलं तेल आलं. ट्रान्सओशनच्या ताफ्यात तर धीरूभाई डीपवॉटर केजी१ आणि केजी२ नावाची जहाजं आहेत, त्याच खोऱ्याच्या कामासाठी बांधलेली. १५ ऑगस्ट २०२५ च्या भाषणात पंतप्रधानांनी खोल समुद्रातल्या तेल-वायू शोधाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. घोषणा आणि करार यांत मोठं अंतर असतं, म्हणून मी ती बॅकलॉगमध्ये धरत नाही.

हे सांगताना मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. आमची वर्धा नदी खाली वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. लाखो वर्षं गोदावरीने वाहून नेलेला गाळ त्या समुद्राच्या तळाशी थरावर थर साचला. ज्या खोऱ्यात आज ही जहाजं खोदतात, त्या गाळात आपल्याकडची मातीही आहे.

धोक्याची बाजू टाळून चालणार नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर विहीर उसळली, बीओपीने ती आवळली नाही आणि ११ माणसं गेली. ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं. विहीर बीपीची होती, रिग ट्रान्सओशनची. बीपीला एकूण ६५ अब्ज डॉलरच्या वर खर्च आला; ट्रान्सओशनने अमेरिकी सरकारला १.४ अब्ज डॉलर देण्याचं मान्य केलं. जोखीम बगीचेवाल्याची असते असं मी वर म्हटलं, ते कोरड्या विहिरीपुरतं खरं आहे. माणसांच्या जिवाची जोखीम जहाजावरच्यांची असते, आणि ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. म्हणून एखादी कंपनी खर्च कमी केला म्हणून मिरवत असेल, तर तो देखभालीत केला की व्याजात, हे मी आधी पाहते.

सगळं पाहता माझं मत असं: जहाजं मोजकी आहेत आणि नवी येत नाहीत, त्यामुळे कर्ज कमी आणि करार लांबचे असलेल्या कंपनीला मला फारसं भय दिसत नाही. पण तेल कंपन्या आता पैसा जपून टाकतात, तेल निर्यातदार देशांनी २०२५ मध्ये उत्पादन वाढवलं, विजेच्या गाड्या वाढताहेत. मधल्या मधल्या रिकाम्या महिन्यांतून हा धंदा जाणारच. ज्याच्या डोक्यावर मोठं व्याज आहे त्याला ते महिने पेलवणार नाहीत. कॉलेजातल्या पोरांना मी एवढंच सांगितलं की फीचे पैसे इथे लावू नका, आणि लावणार असाल तर आधी तीन कंपन्यांचे तक्ते वहीत उतरवून मला दाखवा. एकाने दाखवले. दुसऱ्याने अजून नाही.

जहाजावर नोकरीला जायचं असणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण आमच्या पंचक्रोशीत एका पोराचे दोन लाख असे गेले. जहाजावर भरती करणाऱ्या एजन्सीकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला तिला मनाई आहे. परवान्याचा क्रमांक त्या कार्यालयाच्या यादीत आधी तपासा. प्रशिक्षणाची फी वेगळी आणि "जॉइनिंग"च्या नावाखाली मागितलेले पैसे वेगळे.

काकाजींचा धाकटा पुढच्या सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही तिघं ओसरीत बसलो. त्याच्या कंपनीचा तक्ता मोबाईलवर उघडला. त्याच्या जहाजाचा करार तेव्हापासून २६ महिने होता, ग्राहक मोठा, पुढे सहा महिन्यांची मोकळी जागा. काकाजींनी चष्मा चढवला आणि ती मोकळी जागा बराच वेळ पाहिली.

"मंग हप्ते किती महिन्यांचे घ्यावं म्हनतं, सूनबाई?"

बँकेने साठ महिन्यांचं सांगितलं होतं. आम्ही कागद घेतला. नवा ट्रॅक्टर सोडून जुना, चांगल्या चालीचा पाहायचा, संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे आधी भरायचे आणि उरलेलं कर्ज चोवीस महिन्यांत संपवायचं, असा हप्ता बसवला. दरमहा जड जाणार होता. धाकट्याने आकडा दोनदा तपासला आणि म्हणाला, "जमते, बाबा." काकाजींनी कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि बगीच्याला पाणी सोडायला निघून गेले, कारण लाइट रात्री दहालाच येणार होती.